पहिली आयव्हीएफ फेल गेली आणि वय चाळिशीच्या आसपास: दुसऱ्या सायकलआधी काय तपासायचं, काय बदलायचं

बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्यानंतरच्या भेटीत बऱ्याच जणींना दोनच वाक्यं ऐकायला मिळतात: "या वेळी नाही राहिलं" आणि "पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी या". वय तिशीचं असेल तर एवढ्यावर भागूनही जातं. अडतीस, चाळीस, बेचाळीस असेल तर भागत नाही. प्रत्येक सायकलमध्ये हाती येणारी स्त्रीबीजं मोजकी असतात, पैसा मोजका असतो आणि सहा महिन्यांनीसुद्धा फरक पडतो. म्हणून आधी शोधायचं ते एकच: पहिली सायकल नेमकी कुठल्या पायरीवर अडली? त्याचं उत्तर पुष्कळदा पहिल्या सायकलच्या कागदांतच असतं.

आधी पूर्ण फाइल हातात घ्या

पेशंटकडे सहसा बिलं, इंजेक्शनांचा तक्ता, सोनोग्राफीच्या पट्ट्या आणि बीटाचा रिपोर्ट एवढंच असतं. सर्वांत महत्त्वाचा कागद लॅबमध्ये राहिलेला असतो, तो म्हणजे एम्ब्रिऑलॉजी रिपोर्ट. त्यात किती बीजं निघाली, किती पक्व होती, किती फलित झाली आणि तिसऱ्या व पाचव्या दिवशी भ्रूण कसे दिसत होते हे लिहिलेलं असतं. रिसेप्शनवर तोंडी मागू नका. तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर हा रिपोर्ट नेलाच पाहिजे, नाहीतर तेही अंदाजानेच बोलतील.

फाइलमधल्या या गोष्टी एका कोऱ्या पानावर उतरवून काढा: एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), पाळीच्या दुसऱ्या दिवशीचे एएफसी (सोनोग्राफीत मोजलेले छोटे फॉलिकल), एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल हे हार्मोन, इंजेक्शनांचा रोजचा डोस आणि दिवस, ट्रिगरच्या (बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशीचे फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) मिलिमीटरमध्ये, त्याच दिवशीचं प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारा हार्मोन), ट्रिगर कोणतं आणि किती वाजता, पिकअप म्हणजे बीजं काढणं किती वाजता, निघालेली बीजं, त्यांपैकी पक्व म्हणजे एम-टू, फलन झालेली, तिसऱ्या दिवसाचे पेशी आणि ग्रेड, पाचव्या-सहाव्या दिवसाचे ब्लास्टोसिस्ट (तोवर वाढलेले भ्रूण), ट्रान्सफरच्या म्हणजे भ्रूण पिशवीत सोडण्याच्या वेळी गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी, ट्रान्सफर सोपं गेलं की अवघड, आणि बीटाचा आकडा. नुसतं "निगेटिव्ह" लिहू नका. बीटा २ येणं आणि ४० येऊन नंतर उतरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात भ्रूण रुजायला लागला होता.

एक नमुना पान वाचून पाहू

उदाहरणासाठी असं पान धरा. वय ४१. एएमएच ०.९, एएफसी ६. रोज ३०० युनिट, दहा दिवस. ट्रिगरच्या दिवशी फॉलिकल: २१, १८, १७, १५, ११, १०. निघालेली बीजं ४, पक्व ३, इक्सीने (शुक्राणू थेट बीजात टोचून) फलित २, तिसऱ्या दिवशी एक आठ पेशींचा आणि एक चार पेशींचा. आठ पेशींचा ताजाच ट्रान्सफर केला. अस्तर ८.५ मिलिमीटर, ट्रान्सफर सोपं गेलं. बीटा २ पेक्षा कमी.

या पानावर गर्भपिशवीविरुद्ध पुरावा नाही. अस्तर ठीक आहे, ट्रान्सफर ठीक आहे. अडचण संख्येची आहे. वापरण्याजोगा एकच भ्रूण होता आणि ४१ व्या वर्षी तो गुणसूत्रांच्या दृष्टीने सदोष असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती. अशा पानावर बायोप्सी, इम्यून टेस्ट, अस्तराच्या "खिडकीची" (भ्रूण रुजण्याच्या वेळेची) तपासणी यांवर पैसे घालणं म्हणजे नळाला पाणी नसताना हंडे बदलत बसणं.

आता आकडे नीट पाहा. फॉलिकल २१ आणि १० एकाच दिवशी, म्हणजे एक पुढे पळाला आणि दोन मागे राहिले. चाळिशीच्या आसपास हे फार दिसतं, कारण एफएसएच पाळी येण्याआधीच वाढायला लागतं आणि दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीपर्यंत एखादा फॉलिकल आघाडी घेऊन बसलेला असतो. यावर उपाय आहे. आधीच्या पाळीच्या उत्तरार्धात इस्ट्रॅडिऑलच्या गोळ्या देऊन फॉलिकल एका रेषेत आणायचे आणि मग इंजेक्शनं सुरू करायची, याला प्रायमिंग म्हणतात. डॉक्टरांना थेट विचारा: "माझे फॉलिकल मागेपुढे झाले होते, या वेळी प्रायमिंग करायचं का?"

डोसही विचारायचा. "या वेळी ४५० देऊ, ६०० देऊ" असं कोणी म्हणालं तर थांबून कारण विचारा. प्रतिसाद कमी असणाऱ्या स्त्रियांना रोज ३०० युनिटपेक्षा जास्त दिल्याने फायदा होत नाही, असं युरोपातल्या प्रजनन वैद्यकांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. अंडाशयात सहाच फॉलिकल तयार असतील तर औषध दुप्पट केल्याने बारा होत नाहीत, बिल तेवढं दुप्पट होतं.

अडलेली पायरी वेगळी, तर उपायही वेगळा

फॉलिकल आठ दिसले आणि बीजं दोनच निघाली असं असेल तर पहिला संशय ट्रिगरवर घ्या. इंजेक्शन चुकीच्या वेळी गेलं, पावडर नीट विरघळली नाही, औषध उन्हात राहून खराब झालं, किंवा पिकअपआधीच फॉलिकल फुटले. एचसीजीचं ट्रिगर असेल तर एक साधी खूण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या घरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली तर ती पॉझिटिव्ह यायला हवी, कारण ती टेस्ट तोच हार्मोन पकडते. निगेटिव्ह आली तर लगेच क्लिनिकला फोन करा, पिकअपच्या टेबलावर कळण्याची वाट पाहू नका. ल्युप्रोलाइडसारखं ट्रिगर असेल तर ही टेस्ट उपयोगाची नाही, तिथे रक्तातला एलएच हा हार्मोन पाहतात.

बीजं निघाली पण चारांतली दोन अपक्व, असं असेल तर ट्रिगरचा प्रकार आणि वेळ यांवर बोला. काही ठिकाणी एचसीजी आणि ल्युप्रोलाइड दोन्ही देऊन डबल ट्रिगर करतात.

पक्व बीजं पुरेशी आणि फलन मात्र शून्य किंवा अगदी थोडं, तर प्रश्न शुक्राणूंचा किंवा बीज जागृत होण्याचा असतो. साधी आयव्हीएफ केली होती का? मग पुढच्या वेळी इक्सी. इक्सी करूनही फलन नाही झालं तर बीज जागृत करण्यासाठी कॅल्शियम आयनोफोर वापरता येतं. हा उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाही, फलन फसलेल्यांसाठीच आहे.

तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण छान आणि पाचव्या दिवशी सगळे थांबलेले, हे दिसलं तर नवऱ्याच्या तपासण्या पुन्हा काढा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस भ्रूण बीजातल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात आणि वडिलांकडून आलेल्या डीएनएचे दोष तिथून पुढे दिसू लागतात. बीजाचं वय हे कारण असतंच, पण सगळा भार बाईच्या वयावर टाकून पुरुषाची फाइल न उघडणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. शुक्राणूंचं डीएनए फ्रॅगमेंटेशन (डीएनए किती तुटलंय ते) तपासा, व्हेरिकोसील (अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा) आहे का ते पाहा. गुटखा, तंबाखू, सिगारेट बंद करायला सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे हे आजच सुरू झालं तर दुसऱ्या सायकलला उपयोग. नमुना देताना सात-आठ दिवस थांबून "साठवण" करण्याचा समज आहे, त्याने उलट जुने शुक्राणू जमा होतात. एक-दोन दिवसांचं अंतर पुरतं.

ब्लास्टोसिस्ट चांगला होता, ट्रान्सफर सरळ गेलं, तरी राहिलं नाही, असं असेल तर गुणसूत्रं हेच पहिलं कारण धरा. गर्भपिशवीकडे त्यानंतर वळा.

गुणसूत्रांचं गणित, जे कोणी मांडून दाखवत नाही

ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचलेल्या भ्रूणांमध्येही पस्तिशीत साधारण एक-तृतीयांश सदोष असतात. चाळिशीत निम्म्याहून जास्त, एक्केचाळिसाव्या वर्षी जवळपास दोन-तृतीयांश आणि चव्वेचाळिशीत दहापैकी आठ-नऊ. यात औषधाचा दोष नाही आणि तुमच्या खाण्यापिण्याचाही नाही. बीजं आपल्या जन्माआधीपासून थांबलेल्या अवस्थेत असतात आणि वर्षांगणिक त्यांच्यातली गुणसूत्रं धरून ठेवणारी बांधणी सैल होत जाते.

नमुन्यातली ४१ वर्षांची बाई घ्या. तिच्या प्रत्येक ब्लास्टोसिस्टला निर्दोष असण्याची शक्यता साधारण तीनात एक. एक ब्लास्टोसिस्ट मिळाला तर निदान एक निर्दोष हाती असण्याची शक्यता ३३ टक्के. दोन मिळाले तर सुमारे ५६, तीन मिळाले तर ७०, चार मिळाले तर ८०. निर्दोष भ्रूणही दर वेळी रुजत नाही, साधारण निम्म्या वेळा बाळापर्यंत जातो. एका पिकअपमध्ये एक ब्लास्टोसिस्ट मिळत असेल तर तीन पिकअप लागतील हे या हिशेबातूनच दिसतं. एका सायकलवरून "माझ्या बीजांनी होतच नाही" हा निकाल लावता येत नाही. आणि "दुसऱ्या वेळी नक्की" असं आश्वासनही कोणाला देता येत नाही.

ब्रिटनमधल्या १,५६,९४७ स्त्रियांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० ते ४२ वयाच्या स्त्रियांना पहिल्या सायकलमध्ये बाळ होण्याचं प्रमाण १२.३ टक्के होतं आणि सहा सायकलींपर्यंत एकूण प्रमाण ३१.५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याला अर्थ आहे. ४२ च्या पुढे मात्र स्वतःच्या बीजांनी प्रत्येक सायकलचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खालीच राहिलं. दोन्ही आकडे सोबत ठेवून ठरवा. एकच आकडा दाखवून कोणी आशा लावेल, कोणी आशा तोडेल.

यातून निघणारा बदल म्हणजे भ्रूण साठवण, क्लिनिकच्या भाषेत पूलिंग किंवा बँकिंग. दर पिकअपनंतर लगेच ट्रान्सफर करून दोन आठवडे निकालाची वाट पाहण्याऐवजी लागोपाठ दोन-तीन पिकअप करायचे, भ्रूण गोठवायचे आणि मग ट्रान्सफरकडे वळायचं. गोठवलेला भ्रूण म्हातारा होत नाही, अंडाशय होतं. काही ठिकाणी एकाच पाळीत दोन पिकअप करतात, त्याला ड्युओस्टिम म्हणतात: पहिल्या पिकअपनंतर चार-पाच दिवसांनी पुन्हा इंजेक्शनं सुरू होतात. एएमएच फार कमी आणि वेळ थोडा असलेल्या बाईला हे उपयोगी पडू शकतं.

दोन सायकलींच्या मध्ये "शरीराला सहा महिने विश्रांती" देण्याची गरज नसते. एक पाळी मधे गेली की सहसा पुरते.

भ्रूणाची गुणसूत्र तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, याबद्दल घोळ मोठा आहे. ही तपासणी भ्रूण सुधारत नाही, फक्त आहेत त्यांतून निवडते. तीन-चार ब्लास्टोसिस्ट असतील तर निरुपयोगी ट्रान्सफर आणि गर्भपाताचा त्रास वाचू शकतो, आणि चाळिशीत गर्भपाताचं प्रमाण साधारण चाळीस टक्क्यांच्या घरात असताना हे छोटं नाही. एकच भ्रूण असेल तर तपासून फार काही पदरात पडत नाही, तो सरळ ट्रान्सफर करणं शहाणपणाचं. या तपासणीत मुलगा की मुलगी हे आपल्याकडे सांगता येत नाही. तसं सुचवणाऱ्या क्लिनिकमधून उठून बाहेर या.

गर्भपिशवीच्या कोणत्या तपासण्या कराव्यात

चांगली थ्रीडी सोनोग्राफी आणि शंका असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने गर्भपिशवी आतून पाहणं. पॉलिप, पोकळीत आलेला फायब्रॉइड, पडदा, चिकटलेलं अस्तर यांपैकी काही असेल तर काढलं पाहिजे. नळीत पाणी साठलेलं असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, तर ते पाणी पिशवीत झिरपून भ्रूणाला मारक ठरतं. अशी नळी ट्रान्सफरआधी काढावी किंवा बंद करावी लागते. ॲडिनोमायोसिस (अस्तर गर्भपिशवीच्या भिंतीत वाढणं) असेल तर गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरआधी दोन-तीन महिने पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं देण्याचा मार्ग असतो.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त चुकतो. वय ४० आणि एएमएच कमी असेल तर आधी बीजं काढून भ्रूण गोठवा, मग ऑपरेशन करा, मग ट्रान्सफर. उलटं केलं तर ऑपरेशन आणि बरं होण्यात जे महिने जातात ते बीजांच्या खात्यातून जातात. अंडाशयातल्या चॉकलेट सिस्टच्या (जुनं रक्त साठलेल्या गाठीच्या) बाबतीत तर आणखी जपून, कारण सिस्ट सोलताना आजूबाजूची बीजंही जातात आणि एएमएच खाली येतं.

आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबी हा खरा मुद्दा आहे, आणि त्याच्या नावाने सहा महिन्यांचा कोर्स फार सहज सुरू होतो. अस्तराचा नमुना घेऊन कल्चर, हिस्टोपॅथॉलॉजी आणि सीबीनॅट करतात. केवळ पीसीआर (जंतूच्या डीएनएची चाचणी) पॉझिटिव्ह आला आणि बाकी काहीच नाही, तर दुसरं मत घ्या. टीबी असेल तर औषधं पूर्ण घ्यायलाच हवीत, पण ४१ व्या वर्षी सहा महिने घालवण्याआधी निदान पक्कं असलं पाहिजे.

बाकी रक्ताच्या तपासण्या साध्या आहेत: टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (साखर), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन. चाळिशीनंतर त्यांत रक्तदाब, ईसीजी आणि मॅमोग्राफी धरा, कारण गर्भ राहिल्यावर नऊ महिने शरीराला तोलायचे असतात.

कुठे पैसे घालू नयेत

ट्रान्सफरआधी अस्तर खरवडणं, म्हणजे स्क्रॅचिंग: २०१९ च्या मोठ्या चाचणीत खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण अगदी सारखं, २६.१ टक्के निघालं. ईआरए, म्हणजे अस्तराच्या "खिडकीची" तपासणी: २०२२ मध्ये आलेल्या चाचणीत तिच्या वेळेनुसार ट्रान्सफर करून फायदा दिसला नाही. नैसर्गिक मारक पेशींच्या चाचण्या, इंट्रालिपिडची सलाईन, नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची लस, अंडाशयात पीआरपी (स्वतःच्या रक्तातला प्लेटलेट्सचा द्रव) टोचणं: यांपैकी कशालाही भरवशाचा आधार नाही. पहिल्याच अपयशानंतर ही यादी पुढे केली जात असेल तर "याने माझ्या वयात बाळ होण्याचं प्रमाण किती वाढतं, आणि ते कोणत्या चाचणीत दिसलं?" एवढं विचारा.

बीजं सुधारावीत म्हणून घेतल्या जाणाऱ्या डीएचईए आणि को-एन्झाइम क्यू टेन या गोळ्यांबद्दल सगळ्या विचारतात. दोन्हींचा पुरावा कच्चा आहे. क्यू टेन निरुपद्रवी म्हणून बरेच डॉक्टर देतात. डीएचईए हा हार्मोन आहे, मैत्रिणीची चिठ्ठी बघून घेऊ नका. मुरमं, केस गळणं, आणि काही आजारांत त्याहून गंभीर त्रास होतो.

मधल्या काळात घरात काय करायचं

तंबाखू कोणत्याही रूपात बंद. यात मशेरी येते. दात घासायला म्हणून लावलेली मशेरी तंबाखूच असते, आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारल्यावर "नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणी रोज सकाळी ती लावतात. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज; मधुमेह किंवा वजन फार जास्त असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. वजन पाच-सहा किलो उतरलं तर चांगलंच, पण चाळिशीनंतर पंधरा किलो उतरवण्यासाठी वर्षभर सायकल पुढे ढकलू नका. अशा वेळी बीजं आधी गोठवून ट्रान्सफरपर्यंत वजन कमी करणं जास्त शहाणपणाचं.

दुसरी सायकल चालू असताना चुका कुठे होतात

औषध साठवण्यात. बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. ती फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. आणि फ्रीझरला लागून तर अजिबात नको, कारण गोठलेला हार्मोन निकामी होतो आणि वितळल्यावर दिसायला मात्र अगदी पूर्वीसारखाच दिसतो. पावडरची काही इंजेक्शनं २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, पण मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला खोलीचं तापमान २५ नसतं. एसटीने तालुक्याच्या गावी नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घाला आणि औषध टॉवेलमध्ये गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका.

ट्रिगरच्या रात्री. पिकअप ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी असतो. सकाळी १० ला पिकअप आणि ३६ तासांचं अंतर सांगितलं असेल तर आदल्या दिवसाच्याही आदल्या रात्री १० वाजता इंजेक्शन. "आदल्या रात्री" हा शब्द इथे घात करतो, म्हणून तारीख आणि वार कागदावर लिहून घ्या. गावातली सिस्टर रात्री १० ला येईल का ते दुपारीच पक्कं करा, दुसरी व्यक्ती सांगून ठेवा, मोबाइलवर दोन गजर लावा. सगळं द्रावण सिरिंजमध्ये आलं का, कुपीच्या कडेला पावडर उरली का, हे उजेडात धरून पाहा. दिल्याबरोबर घड्याळाचा आणि रिकाम्या कुपीचा फोटो काढून क्लिनिकला पाठवा. वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. दोन तास उशीर झाला तर लपवू नका, लगेच सांगा, पिकअपची वेळ तेवढी पुढे सरकवता येते.

ट्रान्सफरच्या दिवशी. मागच्या वेळी कॅथेटर जायला त्रास झाला होता, चिमटा लावावा लागला, रक्त लागलं, असं काही असेल तर या वेळी आधी मॉक ट्रान्सफर (भ्रूणाशिवाय रंगीत तालीम) करून आतला मार्ग पाहून ठेवायला सांगा. मूत्राशय भरलेलं हवं, पण कळ लागेल इतकं नको. ट्रान्सफर पोटावरच्या सोनोग्राफीत पाहत करावं. किती भ्रूण ठेवायचे? ब्लास्टोसिस्ट असेल तर एकच. दोन ठेवून जुळं राहिलं तर चाळिशीच्या बाईला रक्तदाब, मधुमेह आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं हा धोका मोठा आहे. नंतर पलंगावर पडून राहण्याने काही साधत नाही. घरात वावरा, जिने चढा, कामावर जा.

गोठवलेल्या भ्रूणासाठी अस्तर दोन पद्धतींनी तयार करतात: गोळ्यांवर किंवा स्वतःच्या नैसर्गिक पाळीत. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक पद्धतीबद्दल आवर्जून विचारा. गोळ्यांच्या पद्धतीत बीज फुटत नाही, त्यामुळे अंडाशयातला कॉर्पस ल्युटियम (बीज फुटल्यावर मागे उरणारी, हार्मोन बनवणारी गाठ) नसतो आणि पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त आढळतं. चाळिशीत ही जोखीम आधीच जास्त असते.

प्रोजेस्टेरॉनमध्ये. योनीमार्गातल्या गोळ्या दिवसातून दोनदा असतील तर बारा तासांच्या अंतराने घ्या आणि घेतल्यावर थोडा वेळ आडवं राहा. पांढरा चोथा बाहेर येतो तो गोळीचा उरलेला भाग, औषध वाया गेलं असं नाही. गोळ्यांच्या पद्धतीत ट्रान्सफरच्या आसपास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसतं; ते तपासून इंजेक्शन वाढवता येतं. मागच्या वेळी बीटाच्या आधीच पाळी आली असेल तर हे नक्की विचारा.

क्लिनिक बदलायचं का?

फाइल देत नसतील, रिपोर्टवर बसून बोलत नसतील, दुसऱ्या वेळी काय बदलणार याला उत्तर नसेल, तर बदला. नव्या ठिकाणी "सक्सेस रेट किती?" असं विचारू नका, कारण फलकावरच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांत तरुण मुली, दात्याची बीजं आणि नुसता बीटा पॉझिटिव्ह आलेलेही मिसळलेले असतात. असं विचारा: "माझ्या वयाच्या स्त्रियांना, स्वतःच्या बीजांवर, दर पिकअपमागे किती बाळं घरी गेली?" २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्यानुसार क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे आणि आयव्हीएफसाठी ती लेव्हल दोनची लागते. प्रमाणपत्र भिंतीवर शोधा. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, वार्षिक साठवण आणि गोठवलेल्या भ्रूणाचं ट्रान्सफर धरलंय का, हे एकेक करून लिहून घ्या. "गॅरंटी" किंवा "पैसे परत" योजनेच्या अटींत, ठरावीक प्रयत्नांनंतर दात्याची बीजं घ्यावी लागतील, असं कलम आहे का ते पाहा. संमतिपत्र घरी नेऊन वाचा, पिकअपच्या सकाळी सह्या करू नका.

खर्च आवाक्याबाहेर असेल तर सरकारी रुग्णालयांतही चौकशी करा. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये सरकारी खर्चाने आयव्हीएफची सोय झाली आहे. तिथे प्रतीक्षायादी किती महिन्यांची आहे हे मात्र पहिल्याच दिवशी विचारा.

दात्याची बीजं

हा विषय डॉक्टरांनी पहिल्याच अपयशानंतर ढकलावा असा नाही, आणि तुम्ही पंचेचाळीसपर्यंत टाळत न्यावा असाही नाही. गर्भपिशवीचं वय फारसं आड येत नाही, बीजाचं येतं. म्हणून २३ ते ३५ वयाच्या दात्याची बीजं घेतल्यावर यश दात्याच्या वयाप्रमाणे मिळतं. कायद्याने दात्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते, तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि ती एकाच जोडप्याला द्यावी लागतात. "दोन जोडप्यांत वाटून स्वस्तात" असं कोणी सुचवलं तर ते बेकायदा आहे. उपचारासाठी स्त्रीचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं.

दुसरी सायकल सुरू करण्याआधीच नवरा-बायकोने बसून एक मर्यादा ठरवावी: आपल्या बीजांवर किती पिकअप, किती रुपये, कोणत्या महिन्यापर्यंत. ही चर्चा सासूबाई, जाऊबाई, मावशी यांच्यासमोर नको. मर्यादा आधी ठरलेली असली की निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना, रडत असताना, कोणी पुढे केलेल्या कागदावर निर्णय घ्यावा लागत नाही.

बीटाचा दिवस

ब्लास्टोसिस्ट ट्रान्सफरनंतर सहसा दहा ते चौदा दिवसांनी रक्त देतात. त्याआधी घरची लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून प्रोजेस्टेरॉन बंद करू नका. डाग दिसला तरी नाही. पहिला बीटा पॉझिटिव्ह आला तर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये दुसरा करा, कारण लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. सुरुवातीला आकडा दोन दिवसांत निदान दीडपट व्हायला हवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना आणि ठोके आहेत ना हे पाहतात. एका बाजूला पोटात तीव्र दुखलं, चक्कर आली किंवा खांदा दुखायला लागला तर त्या तारखेची वाट पाहू नका, त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, "आयव्हीएफची प्रेग्नन्सी आहे, गर्भ नळीत आहे का ते आधी पाहा."